बाटलीवरचा जुना कागद

बारामतीत त्या काळी दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागे. दवाखाना औषध देई, बाटली देत नसे. त्यामुळे सकाळी बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर, पदरात किंवा धोतराच्या सोग्यात एक बाटली असे. केसांच्या तेलाची, गुलाबपाण्याची, शाईची. एखाद्याची दारूची, आणि ती त्याने फडक्यात गुंडाळलेली. प्रत्येक बाटलीवर आधीच्या मालाचा कागद चिकटलेला असे. तो काढल्याशिवाय दत्तूतात्या बाटलीत औषध ओतत नसत.

तात्या त्या दवाखान्याचे कंपाउंडर होते. मी शेजारच्या छापखान्यात होतो. छापखान्यातून एक साप्ताहिक निघे. त्याच्या बातम्या लिहिणं आणि मुद्रितं तपासणं हे माझं काम. आमची खिडकी आणि दवाखान्याची औषध देण्याची खिडकी यांच्यामध्ये एक बोळ होता, दोन माणसं अंग चोरून जातील एवढा. एकोणीसशे तीसच्या दशकातली चार वर्षं मी त्या खिडकीशी बसलो. बसल्या जागेवरून तात्या कमरेपासून वर दिसत.

वय पन्नाशीचं. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. डोक्यावर काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. उजव्या हाताचा अंगठा कायम तेलकट. दवाखान्याच्या चिठ्ठ्या आमच्याकडे छापल्या जात. दोनच प्रकारच्या होत्या : ‘पोटात घेण्याचे’ आणि ‘बाहेरून लावण्याचे’. त्यांचं मुद्रित तपासायला पाठवलं की परत येताना कागदाच्या कोपऱ्यावर तात्यांचा अंगठा उमटलेला असे. तेवढ्या जागी कागद पारदर्शक होई आणि पलीकडची अक्षरं उलटी दिसत.

तात्यांच्या पायाशी कोमट पाण्याचं घमेलं असे. फळीवर चुलीची चाळलेली राख, वाटीत करडईचं तेल, एका डब्यात धुण्याचा सोडा आणि नारळाच्या काथ्याची एक चिमटी. यापलीकडे त्यांना काही लागत नसे. बाटली आली की ते आधी कागदाचा कडेचा भाग नखाने किंचित उचलून वास घेत. मग ठरवत. पिठाची खळ असेल तर नुसतं कोमट पाणी. डिंक असेल तर पाणीच, पण जास्त वेळ. कागद निघून काचेवर पिवळसर चिकटा राहिला आणि त्याला बोट लागलं की तार निघते, असं झालं तर पाण्याचा उपयोग नाही. ती जागा कोरडी करून तिथे तेल लावायचं आणि बाटली बाजूला ठेवून द्यायची. घटकाभराने अंगठ्याने गोल गोल चोळायचं, मग राख, मग काथ्या, शेवटी सोड्याचं पाणी. सगळं झाल्यावर ते डोळे मिटून बाटलीवरून अंगठा फिरवत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

“वली काच समद्यांना सोच्छच दिसती,” ते म्हणत. “अंगठा खोटं बोलत न्हाय.”

बाकावरच्या माणसांना हा उशीर सहन होत नसे. कोऱ्हाळ्याच्या एक म्हातारबाई होत्या, त्यांचा खोकला बारमाही होता. त्या मोठ्याने म्हणत, “आरं तात्या, दवा दे रं बाबा. बाटलीला काय न्हाऊ घालतुयास? बाळंतीण हाय का ती?”

“व्हय, आजी. तुमीबी जरा शेक घ्या तवर.”

“माझा खोकला बरा व्हायचा तिची आंगूळ व्हईस्तवर.”

“मंग तर दवाचं कामच न्हाय. जावा घरी.”

बाक हसे. आजी हसत आणि खोकत. तात्या हसत नसत. ते अंगठ्याने चोळत राहत.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. चिकटलेल्या कोणत्याही वस्तूबद्दल ते एवढंच म्हणत : “वढायचं न्हाय. मुरू द्यायचं.” पट्टी काढायला आलेल्या माणसांनाही हेच. जखमेवरची चिकटपट्टी सगळीकडे एका झटक्यात ओढून काढण्याची रीत होती. तात्या पट्टीच्या चारी कडांना तेल लावत आणि माणसाला बाकावर बसवून ठेवत. तालमीतला एक पैलवान एकदा असाच बसला होता. त्याच्या पोटरीवर वीतभर पट्टी होती.

“तात्या, हाना की एक झटका. आमी काय पोर हाय का?”

“तू न्हाईस. पर तुझं केस न्हानपणापासनं तुझ्यासंगं हायत. त्यांचं काय चुकलं?”

पैलवानाला थांबायला लाज वाटत होती. तात्या आत वळल्याचं पाहून त्याने पट्टी स्वतःच ओढली. त्याची आरोळी आमच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी ऐकली आणि दोघेजण काम सोडून बोळात आले. तात्या परतले, त्यांनी उरलेल्या अर्ध्या पट्टीला पुन्हा तेल लावलं आणि त्याच्या हातात रामफळाची फोड ठेवली. रडणाऱ्या पोरांसाठी ते फळीवर काहीबाही ठेवत असत.

दुसरा प्रसंग मला अर्धाच दिसला. लग्न चार दिवसांवर आलेल्या एका मुलीच्या केसांत बैलगाडीचं वंगण गेलं होतं. गाडीखाली पडलेली कानातली कुडी काढायला ती वाकली आणि वेणी आसाला लागली. घरच्यांनी माती लावली, गरम पाणी ओतलं; वंगण आणखी पसरलं. आई तिला घेऊन आली ती रडतच. कात्री लावावी लागणार, असं आत्याने सांगून ठेवलं होतं. तात्यांनी मुलीला आतल्या खोलीत आईजवळ बसवलं, स्वतः दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि भिंतीकडे पाहत सूचना देऊ लागले.

“पाणी न्हाय. आजाबात न्हाय. आदी तेल. वतायचं न्हाय, बोटानं लावायचं. झालं? आता गप बसा.”

“किती येळ?”

“लेकीला सासरचं काय काय सांगायचं राह्यलंय, ते सांगून घ्या. तवर मुरंल.”

अर्ध्या तासाने डाळीचं पीठ, मग फडक्याने पुसणं, पुन्हा तेल, पुन्हा पीठ, अखेरीस रिठ्याचं कोमट पाणी. तीन तास लागले. तात्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते. आईने तात्यांच्या पायांना हात लावला. तात्या दचकून मागे सरले. कोणी फार उपकार मानले की ते असे मागे सरत. त्याचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांची आणखी एक सवय होती. बाटली भरून, चिठ्ठी लावून झाली की ते विचारत, “घरात वाचनारं कोन हाय?” कोणी असेल तर नाव विचारत. कोणी नसेल तर औषध कसं घ्यायचं ते समोरच्याकडून तीनदा वदवून घेत. कोणी असलं तरी वदवून घेतच. आणि चिठ्ठी कोरडी होईपर्यंत बाटली हातात देत नसत.

त्या खिडकीत, सर्वांत वरच्या फळीवर, कोपऱ्यात एक रिकामी बाटली होती. चपटी, हिरवट काचेची. तिच्यावर तेलाने काळपटलेली जुनी चिठ्ठी होती : ‘बाहेरून लावण्याचे’. दवाखान्यात जुना कागद न काढलेली तेवढी एकच बाटली. मी एकदा बोळातूनच विचारलं, “तात्या, ही राहिली का?”

“राह्यली,” ते म्हणाले आणि पुढच्या माणसाची बाटली घेतली.

त्या बाटलीची हकीकत मला कळली ती निरवांगीच्या एका बाईमुळे. बाईंची बहीण कोऱ्हाळ्याला दिली होती. तिच्याकडे आलेल्या असताना त्यांना ताप भरला आणि त्या बारामतीला आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं कमी. तात्यांनी नेहमीप्रमाणे बाटली स्वच्छ केली, भरली, चिठ्ठी लावली आणि विचारलं, “घरात वाचनारं कोन हाय?”

“मामंजी वाचायचं.”

“वाचायचं म्हंजी? आता न्हाईत?”

“हायती. पर वाचत न्हाईत. पोथी बांधून ठिवलीया. माझी लेक गेली तवापासनं.” मग, कोणी विचारलं नसताना, बाई म्हणाल्या, “दवावरचं त्यांनी चुकीचं वाचलं. पोटात द्यायचं व्हतं, त्यांनी छातीला लावायला सांगितलं. डाक्टर लई बोलला त्यांना, चार मान्सांत. त्याला सात वर्सं झाली.”

तात्यांनी विचारलं, “गाव कंचं?”

“निरवांगी.”

मी मान वर करून पाहिलं. तात्यांचा अंगठा बाटलीवर तसाच थांबला होता. त्या दिवशी त्यांनी बाईंकडून काहीही वदवून घेतलं नाही.

दुपारी ते छापखान्यात आले. एरवी ते उंबऱ्याच्या आत येत नसत.

“पेपरवाले, तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करता?”

“पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो.”

“आनि ज्यानं चुकीचं वाचलं त्यो पुढला अंक घेतच नसंल तर?”

ते कागदांच्या गठ्ठ्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना अडखळले नाहीत.

सात वर्षांपूर्वी ते इंदापूरला एका खासगी दवाखान्यात होते. बाजाराचा दिवस, उन्हाळा, गर्दी. निरवांगीचा एक गाडीवान शेजाऱ्याच्या नातीसाठी औषध न्यायला आला. पोरीच्या छातीत सर्दी भरून ताप होता. त्याने आणलेली बाटली त्याच दवाखान्यातून पूर्वी गेलेली. तिच्यातून चोळायचं तेल दिलेलं होतं. तात्यांनी ती आतून धुतली. बाहेरचा कागद काढायला वेळ नव्हता. त्यांनी ‘बाहेरून लावण्याचे’ या जुन्या चिठ्ठीवरच ‘पोटात घेण्याचे’ ही नवी चिठ्ठी खळीने चिकटवली आणि गाडीवानाला म्हणाले, “वर लिवलंय. पोरीच्या आबास्नी वाचाया सांग.”

तेल प्यायलेल्या कागदावर खळ धरत नाही. हे तात्यांना माहीत होतं. गाडीवान भला माणूस. उन्हाने दवा नासू नये म्हणून त्याने बाटली गाडीखाली टांगलेल्या पाण्याच्या घागरीच्या ओल्या गोणपाटात खोचली. निरवांगीला पोचेपर्यंत वरची चिठ्ठी सुटून कुठेतरी पडली. पोरीच्या आजोबांनी बाटली हातात घेतली आणि जे लिहिलं होतं ते वाचलं. घरात वाचता येणारे ते एकटे. तीन दिवस औषध पोरीच्या छातीला चोळलं. चौथ्या दिवशी, तात्या सुट्टीवर असताना, तिला इंदापूरला आणलं, तेव्हा डॉक्टर आजोबांना सर्वांसमोर बोलले. बाटली गावीच राहिली होती. औषध पोटात गेलं असतं तर पोर वाचली असती का, हे कोणालाच सांगता आलं नसतं. तात्यांनीही तसा प्रश्न कधी माझ्यासमोर काढला नाही.

महिन्याने गाडीवान तीच बाटली घेऊन दुसऱ्या कशासाठी तरी आला. तात्यांनी चिठ्ठी पाहिली, गोणपाटाचं ऐकलं. त्याला दुसरी बाटली दिली, ही ठेवून घेतली आणि पुढच्या महिन्यात इंदापूर सोडलं.

“मला वाटायचं, आबांनी मागनं बाटली नीट बघितली आसंल. त्यास्नी ठावं आसंल चिकटवनारा चुकला. शिव्या देत आसतील मला. त्ये बरं व्हतं.” तात्या उठले. “हितं उलटंच निघालं. सात वर्सं त्यो मानूस सोताला शिव्या देतोय.”

दारातून त्यांनी विचारलं, “रविवारी मोकळं हाय का तुमी? एकल्याला माझं पाय तितवर न्यायचं न्हाईत.”

आम्ही इंदापूरपर्यंत सर्व्हिस मोटारीने गेलो आणि तिथून बैलगाडीने. बाटली तात्यांनी कोरड्या फडक्यात बांधून मांडीवर धरली होती. वाटेत ते दोनच वाक्यं बोलले. दोन्ही बैलांबद्दल होती.

आबा ओट्यावर बसून दोर वळायला अंबाडीचा सोल काढत होते. सत्तरी ओलांडलेली, अंग वाळलेलं, पण हात चालते. बाईंनी तात्यांना ओळखलं. “बारामतीचं कंपाउंडर हायती,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या आणि आम्हाला गूळपाणी दिलं. तात्यांनी तांब्या खाली ठेवला, पाणी प्यायले नाहीत. फडकं सोडून त्यांनी बाटली आबांपुढे धरली.

“आबा, एवढं वाचा.”

“मला दिसत न्हाय.”

“मोठी अक्षरं हायत.”

“मी वाचायचं सोडलंय, बाबा. माझ्या वाचन्यानं…” त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि थांबले.

“माझ्यासाठनं वाचा. एकडाव.”

आबांनी बाटली घेतली, उजेडाकडे वळवली, लांब धरली, जवळ आणली. मग पोथी वाचणारी माणसं वाचतात तसं, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवत वाचलं, “बा-हे-रू-न… ला-व-ण्या-चे.” आणि बाटली तशीच धरून ते तात्यांकडे बघत राहिले. हिरवी काच त्यांनी ओळखली होती.

“ही तीच हाय?”

“तीच.”

“मंग मी बराबर वाचलं व्हतं?”

“बराबर वाचलं व्हतं. ह्याच्यावर दुसरी चिठ्ठी व्हती. खालची न काडता वर चिकटीवली, ती वाटंत सुटली.”

“कुनी चिकटीवली?”

“मी.”

बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात मी प्यायलेला तांब्या होता. आबांनी सोल बाजूला ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं, ते तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. गोठ्यात एक वासरू दाव्याला हिसके देत होतं. मग ते सुनेला म्हणाले, “आयकलंस का ग?”

“आयकलं.”

“मी बराबर वाचलं व्हतं.”

“व्हय, मामंजी.”

आबांनी बाटली तात्यांपुढे केली. “ह्यो कागद निघत न्हाय का?”

“निघंल की.”

“मंग काढ. आत्ता. हितं.”

तात्यांना काय हवं ते बाईंनी विचारलं नाही. बारामतीला त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चुलीवरचं कोमट पाणी आणलं, वाटीत करडईचं तेल आणलं, करवंटीत राख आणली आणि सगळं तात्यांच्या पुढ्यात ठेवून त्या पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या. तात्या मांडी घालून बसले. आधी तेल. सात वर्षांचा कागद. तो मुरायला वेळ लागला. मग कागद कोपऱ्यातून सुटला. तात्यांनी तो ओढला नाही. अंगठ्याने पुढे सरकवत नेला आणि तो अखंड निघाला. त्यांनी तो ओट्याच्या कडेला ठेवला. राख झाली, सोल काढलेल्या अंबाडीच्या कुच्याने घासणं झालं, पाणी झालं. शेवटी त्यांनी डोळे मिटून बाटलीवरून अंगठा फिरवला आणि ती आबांना दिली.

आबांनी घेतली नाही. “तिला दे,” ते म्हणाले.

बाई पुढे आल्या. त्यांनीही डोळे मिटले. त्यांचा अंगठा काचेवरून सावकाश खाली आला, वळला, बुडाजवळ थांबला.

“हितं राह्यलंय,” त्या म्हणाल्या.

तात्यांनी बाटली परत घेतली. बुडाजवळ त्यांनी पुन्हा तेल लावलं, पुन्हा राख, पुन्हा पाणी. बाईंनी पुन्हा अंगठा फिरवला.

“आता न्हाय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी तात्यांचा न प्यायलेला तांब्या उचलून त्यांच्या हाताजवळ सरकवला. तात्या पाणी प्यायले.

पुढच्या वर्षी मला पुण्याला काम मिळालं. निघायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं, दौंडला जाणारी छोटी आगगाडी दुपारची होती. शेवटचं मुद्रित तपासत मी खिडकीशी बसलो होतो. पलीकडे बाकावर गर्दी होती आणि गर्दीत निरवांगीचे आबा होते, गुडघ्यावर हिरवट बाटली ठेवून. कोऱ्हाळ्याच्या आजी त्यांच्या शेजारी बसून, बाटलीला न्हाऊ घालण्यात तात्या किती वेळ घालवतात, ते त्यांना समजावून सांगत होत्या.

आबांची पाळी आली. तात्यांनी बाटली घेऊन अंगठा फिरवला. तिच्यावर काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी औषध ओतलं, चिठ्ठी लावली, ती वाळेपर्यंत बाटली धरून ठेवली आणि मग विचारलं, “आबा, काय लिवलंय?”

आबांनी खिडकीच्या गजाला धरून वाचलं. सगळ्या बाकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, एकेक अक्षर वेगळं करून. आजी मध्येच काही म्हणाल्या, तेव्हा तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. वाचून होईपर्यंत ते डोळे मिटून उभे होते. अंगठा बाटलीवरच होता.